मोहरीचा झणका

"सांग," बाबा म्हणाले आणि त्यांनी तळहात माझ्या नाकासमोर धरला.

घाणीतून नुकतंच निघालेलं तेल त्यांनी अंगठ्याने चोळून कोमट केलं होतं. मी डोळे मिटून वास घेतला. शेंगदाण्याचा होता.

"फल्लीचं."

"ते तं शेंबडं पोरगंही सांगीन. पुढं?"

"दाणा जुना आहे. मागच्या सालचा. आन् घाणी जास्त तापली वाटते."

"हं," बाबा म्हणाले. त्यांनी हात धोतराला पुसला, उठून बटण बंद केलं आणि घाणीचा पट्टा फडफडत थांबला. "निवू दे मंग जराशी."

मला त्या दिवशी जेवण लागलं नाही, इतका आनंद झाला होता. मी सांगितलं आणि बाबांनी घाणी थांबवली! बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत वामनराव गुल्हान्यांची घाणी कोणाच्या सांगण्यावरून थांबत नसे. खुद्द माझ्या आईनेही तो प्रयत्न लग्नानंतर चार-सहा महिन्यांतच सोडून दिला होता.

बाबांच्या नाकाचा गावात दरारा होता. नुसत्या वासावरून ते तेल कशाचं, दाणा नवा की जुना, पोत्याला पाणी लागलं होतं का, हे सगळं सांगत. हे कौतुकाचं होतं तसं तापाचंही होतं. लोकांच्या लग्नात पंगतीत बसले की पहिली पुरी नाकाशी धरत आणि शेजारच्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणत, "करडीच्या नावाखाली भलतंच वापरलं बाप्पा यानं." आई पलीकडच्या पंगतीतून डोळे वटारी. वधूपित्याचा चेहरा पडे. आम्हाला लग्नाची आमंत्रणं हळूहळू कमी येऊ लागली ती त्यामुळेच, असं आईचं ठाम मत होतं.

मी त्यांची एकुलती एक. लहानपणापासून मला घाणीजवळ बसायचं असे आणि बाबा मला तिथून उठवत. "शिकवा ना मले," म्हटलं की त्यांचं उत्तर ठरलेलं. "नाक शिकवता येत नाही, पमी. असते नाही तं नसते." मग मी डी.एड. केलं, जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी अर्ज केला आणि घरी बसले.

त्या वर्षी पौषात बाबांना जबर ताप आला. सर्दी, खोकला, अंगदुखी. अंथरुणातून उठले तेव्हा निम्मे झाले होते. आणि उठल्यानंतर आठवडाभरातच एका सकाळी त्यांनी मला हाक मारली, "पमी, ये इकडं. बस." तळहात पुढे केला. "सांग."

मी सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर."

तेव्हापासून रोज. तीळ, करडी, फल्ली, जवस. नुसतं तेलच नव्हे, पोतं उघडलं की मूठभर दाणा काढून माझ्यापुढे धरत. मी सांगायचं, त्यांनी ऐकायचं. कधी "हं", कधी "बरोबर", कधी काहीच नाही. एकदाही "चूक" म्हणाले नाहीत. मी आईला म्हटलं, "पाह्यलं? म्हणत होते नाक शिकवता येत नाही."

"आजारानं माणसाले पुढचं दिसते," आई म्हणाली. "आपल्यामागं घाणीचं कोण पाहीन, असं आलं असंन मनात."

मलाही तसंच वाटलं. आजारपणाने बाबा खरंच बदलले होते. एरवी दूध उतू गेलं, नुसतं करपण्याच्या बेतात आलं, तरी ते बाहेरच्या ओट्यावरून ओरडत. तापानंतर एकदा आईने भाजीची कढई पार काळी केली. घरभर धूर. शेजारची बाई विचारायला आली. आणि बाबा आतल्या खोलीत पाठ टेकून शांत पडलेले, चकार शब्द नाही. आई कढई घासताना हसत होती. म्हणाली, "ताप आला तं आला, पण माणूस सुधरवून गेला."

आईच्या स्वतःच्या नाकाचं काही सांगायला नको. ते तपकिरीने केव्हाच कामातून गेलं होतं.

माघ संपता संपता माझी नेमणूक आली. धारणी तालुक्यातलं एक गाव, मेळघाटात आत. होळीच्या आधी हजर व्हायचं होतं. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा म्हणाले, "चांगलं झालं," आणि पोती मोजायला निघून गेले. मला मात्र जायचं नव्हतं. घाणीच्या खोलीतला तो ओलसर, गरम, तेलकट अंधार मला शाळेच्या कोणत्याही वर्गापेक्षा जास्त आपला वाटत होता. त्यातून बाबा शिकवू लागले होते. त्यांना सरळ विचारायचं, मी राहू का, घाणी मी चालवू का, असं मी मनाशी पक्कं केलं. फक्त चांगला मुहूर्त शोधत होते.

तो मुहूर्त मला मोहरीचा वाटला.

आमच्याकडे मोहरीचं तेल म्हणजे फोडणीपुरती मोहरी माहीत असलेल्या लोकांना नवलाची गोष्ट. आमच्या घरात त्यात भाजी केली असती तर आई घर सोडून गेली असती. पण बडनेरा रेल्वेचं गाव. क्वार्टरांमध्ये बिहारकडची, उत्तर प्रदेशातली कितीतरी बिऱ्हाडं. त्यांना दुसरं तेल गोड लागत नसे. कैरीचं लोणचं त्यातच, मासे त्यातच, बाळंतिणीचं आणि बाळाचं मालीश त्यातच, लसूण-ओवा टाकून गरम केलेलं तेल सर्दीला छातीवर तेच. आखाड्यातली पोरं अंगाला चोळायला नेत. लेथवाला सरदार तर तळाचा गाळ मागून नेई, लोखंडावर आटे पाडताना घालायला. म्हणे यासारखं दुसरं काही नाही. आणि होळीला तर विचारू नका. होळीच्या आदल्या दिवशी त्यांच्यात सगळ्या घरादाराच्या अंगाला वाटलेली मोहरी आणि तेल चोळतात आणि अंगावरून निघालेला मळ होळीत टाकतात, की वर्षभराचं दुखणं जळून जावं. त्यासाठी सगळी क्वार्टरं आमच्या ओट्यावर येत. जुनी मोहरी दिवाळीतच संपलेली असे. फाल्गुनात नवी पोती ग्वाल्हेरकडून येत आणि घाणीला वर्षातलं सगळ्यात मोठं काम लागे.

त्या दिवशी पहिलं पोतं घाणीत पडलं. क्वार्टरांतल्या तिवारीण भाभी आधीच येऊन ओट्यावर बसल्या होत्या. त्यांची मुलगी बाळंतपणाला आलेली. पहिलं तेल त्यांनाच पाहिजे होतं.

"भैया, बिटिया के लिए ले जा रही हूँ. बढ़िया निकालना."

"आपल्या घाणीतून दुसरं निघतेच कुठं, भाभी," बाबा म्हणाले. पण आवाजात नेहमीचा तोरा नव्हता. ते माझ्याकडे पाहत होते. "पमी, इथंच बस. उठू नको."

मोहरी भरडली जाऊ लागली. बाबांनी पाण्याचा हबका मारला. कच्च्या घाणीच्या मोहरीत पाणी पडलं की झणका उठतो, मिरचीच्या धुरासारखा. तो उठला आणि सरळ बाबांच्या तोंडावर आला. ते एकदम मागे सरले. शिंकले. पुन्हा शिंकले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. मी पाणी आणायला उठले तर त्यांनी हाताने थांबवलं. मग त्यांनी असं काही केलं की मी पाहतच राहिले. ते घाणीवर ओणवे झाले आणि तोंड अगदी खाली नेऊन त्यांनी मोठा श्वास घेतला. पुन्हा घेतला. आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी, नाक लाल आणि लहान पोरासारखं हसू.

"आहाहा!" ते म्हणाले. "काय जिनस आहे! अगं ए, ऐकलं का? इकडं ये, पाह्य जरा काय झणका आहे!"

आई पदराने हात पुसत आली. तिने वास घेण्याचं नाटक केलं. "हो, आहे खरा."

बाबांनी तळहातावर तेल घेतलं, चोळलं, नाकाशी नेलं. मी सवयीने मान पुढे केली. पण त्यांनी हात माझ्यापुढे धरलाच नाही. स्वतःच पुन्हा पुन्हा हुंगत राहिले.

"बाबा, मी?"

"नको. राहू दे. कळते मले."

तिवारीण भाभींचा डबा भरला. पुढच्या पोत्यासाठी माझ्याच हाताने सुतळी तोडली. त्या खेपेची चारही पोती एकदम घाणीशी आणून ठेवली होती. दुसऱ्याच्या तळाशी हात घातला तर दाणा गार लागला. मी मूठ नाकाशी नेली. मोहरीचा तिखटपणा होता. पण त्याच्या खाली दुसराही एक वास होता, भिजून तसंच पडलेल्या गोणपाटासारखा. मी पहिल्या पोत्याच्या तेलाच्या पिंपावर वाकले. तेलातही तो होता. झणक्याने झाकलेला, पण होता.

"बाबा, याले कुबट वास येऊन राह्यला."

"कशाले?"

"तेलाले. पोत्याचा तळ वला आहे. वाटेत पाणी लागलं असंन."

बाबांनी पुन्हा तेल घेतलं, पुन्हा हुंगलं. पुन्हा डोळ्यांत पाणी आलं. "काहीच नाही. डोये पाह्य माझे. असं तेल मागच्या धा सालांत निघालं नाही."

"झणका आहे, बाबा. पण त्याच्या खाली..."

"तुले झणक्यातलं काही उमजत नाही," ते एकदम म्हणाले. "मोहरी वेगळी राहते. फल्ली-करडीसारखी नसते ते. सोड पोतं."

मी पोतं सोडलं. भाभी समोर होत्या म्हणून जास्त बोलले नाही. त्या डबा घेऊन गेल्या. बाबा मला वाटतं घाणीभोवती नाचायचेच बाकी होते. त्यांनी नाक्यावरून जिलबी मागवली. आई विचारू लागली, कशाबद्दल? "असंच," म्हणाले. मी मनात म्हटलं, यापेक्षा चांगला मुहूर्त मिळणार नाही. मघाचं बोलणं गिळून टाकलं आणि संध्याकाळी, ते पट्टा उतरवत असताना, विचारलं.

"बाबा, मी धारणीले नाही जात. इथंच राहीन. घाणी मी चालवीन."

त्यांनी पट्टा खुंटीला अडकवला.

"तुमीच तं शिकवलं मले दीड महिना. एकदाही चुकली नाही मी. तुमीच म्हणत होते, बरोबर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर सकाळचा आनंद होता तसाच, पण त्यात काहीतरी कासावीस झालं. तेव्हा मला ते कळलं नाही. मला वाटलं, चिडले.

"घाणी नाकावर चालते, पमी," ते म्हणाले. "ते आहे माझ्याजवळ. तुले कायले अडकवू इथं? तू शाळेवर जाय. पेन्शनीची नोकरी आहे."

"आन् मंग रोज 'सांग, सांग' कायले करत होते?"

"तसंच," ते म्हणाले. "आजारी होतो. करमत नव्हतं."

करमत नव्हतं! मी दीड महिना जीव ओतून नाक पुढे केलं आणि यांना करमत नव्हतं! मी तशीच आत गेले आणि रडले, आणि रडता रडता ठरवलं की हा माणूस मला पोरीची जात म्हणून घाणी देणार नाही. मुलगा असता तर दिली असती. दोन दिवसांनी बाबा स्टँडवर सोडायला आले. संत्री घेऊन दिली. खिडकीशी उभे राहिले. "मोठ्यानं शिकवजो," म्हणाले, "पोरं मागं बसलेली राहतात." मी "हो" म्हटलं. एवढंच बोलणं झालं.

होळीला मेळघाटातून येणं जमलं नाही. पाडव्याला आले तेव्हा घाणीच्या खोलीला कुलूप होतं.

काय झालं ते आईने चुलीजवळ बसून सांगितलं. चारही पोती तसलीच निघाली होती. बाबांनी सगळी पिळली. होळी झाल्यावर तिवारीण भाभी आल्या. भांडल्या नाहीत. डबा पुढे धरून म्हणाल्या, "भैया, ज़रा सूँघिए तो." बाबांनी हुंगलं. डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "एकदम तेज आहे, भाभी." त्यांच्या मागे आणखी दोघी होत्या. भाभींनी आईकडे पाहिलं, डबा पायरीवर ठेवला आणि त्या गेल्या. लेकराला लावलेलं तेल परत आणायची वेळ येते तेव्हा बाई पुन्हा त्या ओट्यावर येत नसते. क्वार्टरांतून कोणीच आलं नाही. मग गावातलेही कमी झाले. एक दिवस बाबांनी स्वतःच पट्टा काढून माळ्यावर टाकला.

"मी सांगतलं होतं त्यायले," मी म्हणाले. "हट्टी आहेत."

आईने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. मला खोटं कशाला सांगायचं, त्या क्षणी मला दुःखापेक्षा आपलं खरं ठरल्याचं समाधान जास्त होतं. बाबा पुढे बरीच वर्षं जगले. पेठेतल्या एका दुकानात बसत, संध्याकाळी देवळात जात. माझं लग्न केलं, नातवंडं खेळवली. घाणीबद्दल एक अक्षर बोलले नाहीत, आणि मीही नाही. घाणीचा विषय निघाला की मी उठून कामाला लागे. मी मेळघाटात, मग अचलपुरात, मग अमरावतीत शिकवत राहिले. मुख्याध्यापक होऊन निवृत्त झाले. पोरांना चांगलं शिकवलं असं लोक म्हणतात. पण मनात एक काटा कायम होता. आपल्या बापाला आपण त्याच्या कामाच्या लायक वाटलो नाही.

मग ती साथ आली. मला आणि आईला दोघींनाही लागण झाली. आई म्हातारी असून सहीसलामत सुटली. माझं नाक गेलं. चहा म्हणजे गरम पाणी, जेवण म्हणजे चावायचं काम. महिना झाला, दीड झाला. एक दिवस आईचे गुडघे चोळायला मोहरीच्या तेलाची बाटली उघडली. जवळ नेऊन हुंगली आणि झण्णकन मस्तकात गेलं. शिंक आली. डोळे भरले.

"आई!" मी ओरडले. "आलं माझं नाक! वास आला!"

नाचायचीच बाकी होते. धावत जाऊन हिंगाची डबी उघडली. काही नाही. कॉफी. काही नाही. रॉकेलचा बोळा. काही नाही. पुन्हा मोहरीचं तेल. पुन्हा झणका.

डॉक्टरांना फोन केला. तरुण मुलगा, माझाच जुना विद्यार्थी. तो म्हणाला, "मॅडम, तो वास नाहीये. मिरची जिभेला लागते ना, तशी मोहरी नाकाला लागते. ती आग वेगळ्या नसेने कळते. वास पूर्ण गेलेल्या माणसालाही ती कळते. फसू नका."

मी फोन ठेवला आणि तिथेच खुर्चीवर बसले. आणि बाबांचा तो हात माझ्या नाकासमोर आला.

सांग, ते म्हणत होते. मला वाटायचं, परीक्षा घेतात. ते परीक्षा घेत नव्हते, विचारत होते. त्यांना खरंच माहीत नसायचं. पौषातल्या तापात त्यांचं नाक गेलं होतं आणि त्यांनी ते कोणालाही, बायकोलाही, कळू दिलं नव्हतं. करपलेल्या भाजीवर ते गप्प होते ते सुधारले म्हणून नव्हे. आणि तो दीड महिना घाणीतून निघालेला तेलाचा थेंब न् थेंब माझ्या शब्दावर निघाला होता. मी "घाणी तापली" म्हटलं तर घाणी थांबत होती. एकही गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं नव्हतं. मी घाणी चालवत होते, आणि मला ते कोणी सांगितलं नाही.

मग मोहरी आली आणि त्या बिचाऱ्याला वाटलं, नाक परत आलं. त्या आनंदात त्यांनी मला मोकळं केलं.

"आई," मी आत जाऊन विचारलं. "बाबांचं नाक गेलं होतं का?"

आईने डोळे उघडले. हात टेकून उठून बसली.

"मले तिवारीण गेल्यावर कळलं," ती म्हणाली. "डबा घेऊन आत आले. हिंगाची डबी उघडली, हुंगली. मंग रॉकेलची बाटली. मंग उदबत्तीचा पुडा. आन् खालीच बसले. म्हणे, 'माझं नाक पौषातच गेलं. आतापर्यंत पमीच्या नाकावर चाललं.'"

"मंग मले कायले नाही सांगतलं? तू तरी?"

"मले दम दिला होता, पमीजवळ बोलशीन तं पाह्य. ते गेल्यावर सांगणार होती. पण घाणीचं नाव काढलं की तू उठून जायची."

मला हुंदका आवरेना. एवढी वर्षं! एवढी वर्षं मी त्या माणसावर रुसून होते, आणि त्याने माझ्याइतका विश्वास जन्मात दुसऱ्या कोणावर टाकला नव्हता.

"अगं, पण घाणी बंद कायले केली?" मी म्हणाले. "एक निरोप धाडला असता. नुसतं 'ये' म्हटलं असतं, तरी दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून आली असती मी."

आईने माझा हात आपल्या हातात घेतला.

"माहीत होतं त्यायले," ती म्हणाली. "म्हणूनच नाही बोलावलं."